दोन मुख्याध्यापक आणि एक काकू

काकूंना शाळेत नोकरी लागली ती डबा पोचवायला गेल्यामुळे.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, या काकूंच्या थोरल्या जाऊबाई. दोन भाऊ, दोन जावा, घर एकच; खाली थोरले, वर धाकटे. एके दिवशी बाई डबा घरी विसरल्या आणि धाकटी जाऊ तो घेऊन शाळेत आली. नेमका त्याच दिवशी शाळेचा कारकून बाईंशी भांडून, टेबलावरचं पेन खिशात घालून, तरातरा निघून गेला होता. ऑफिसात फोन वाजत होता. बाई म्हणाल्या, "अगं, तेवढा फोन उचल." काकूंनी उचलला. मग बाई म्हणाल्या, "आता आलीच आहेस तर घंटा होईपर्यंत बस." काकू बसल्या त्या सव्वीस वर्षं बसल्या.

हे मला काकूंनीच सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा असा होता, की जणू ती घंटा अजून व्हायचीच आहे.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा लहान. एकशे बारा मुलं, नऊ शिक्षक. सरकारची नाही, कुठल्या मोठ्या संस्थेची नाही. काही पालकांनी हौसेने काढलेली आणि पाच जणांच्या समितीने चालवलेली. इमारत पूर्वी साबणाचा कारखाना होती. हवा दमट झाली की भिंतींना अजून साबणाचा वास सुटायचा, आणि चौथीच्या वर्गातली फरशी जोर लावून पुसली तर चक्क फेस यायचा. मी स्वतः पाहिलाय. नवे पालक शाळा बघायला आले की आम्ही सांगायचो, स्वच्छता हे आमच्या शाळेचं वैशिष्ट्य आहे.

काकूंचं ऑफिस फाटकाला लागून. एक टेबल, एक फोन, मुलांना बसवायला दोन बुटक्या खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. हे कपाट किल्लीने उघडायचं नाही. किल्ली फिरवून खालच्या कोपऱ्यात लाथ मारावी लागायची, आणि ती किती जोरात हे फक्त काकूंना माहीत. त्यांना सगळंच माहीत होतं. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाच्या बाबांना फोन केला की आधी पाच मिनिटं त्यांच्या पाठदुखीची चौकशी करावी लागते, कुठली जुळी मुलं गणिताच्या तासाला एकमेकांच्या जागी बसतात. पण सभेत मात्र काकू तोंड उघडायच्या नाहीत. शाळेत जाऊबाई वरच्या, घरी जाऊबाई थोरल्या; चोवीस तास हूं की चूं नाही. बाई म्हणाल्या "लिही," की काकू लिहायच्या. बाई म्हणाल्या "खोड," की खोडायच्या. एकदा बाई झोपेत "शांत बसा" म्हणाल्या तर वरच्या मजल्यावर काकू उठून बसल्या होत्या, असं त्यांचे यजमान सांगतात. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की ते असलंच काहीतरी सांगत असतात, तेव्हा खरंखोटं मला माहीत नाही.

तर अशा बाई एकोणतीस वर्षांनी निवृत्त झाल्या.

निरोप समारंभ जोरात झाला. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांना सगळ्यांशी एकाच सुरात बोलायची सवय. ते म्हणाले, "बाई जाताहेत. थोडं दुखेल. पण लगेच बरं वाटेल." यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. मग बाईंचं भाषण झालं, पाऊण तास. पहिलीची मुलं रांगेत बसल्या बसल्या एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेली. कडेच्या मुलाला त्याची आई उचलून न्यायला आली, आणि त्याचा आधार जाताच सगळी रांग एका बाजूला पत्त्यांसारखी कलंडली. बाईंना वाटलं मुलं हुंदके देताहेत. त्यांनी डोळे पुसले आणि भाषण आणखी दहा मिनिटं वाढवलं. शेवटी समितीने त्यांना आरामखुर्ची भेट दिली.

सोमवारी सकाळी सात चाळीसला बाई फाटकात हजर.

"रुमाल राहिला होता," त्या म्हणाल्या.

काकूंनी रुमाल शोधला. सापडला नाही. पण तोवर प्रार्थनेची वेळ झाली, तिसरीची मुलं गोंधळ घालत होती, म्हणून बाईंनी जाता जाता त्यांना दोन शब्द सुनावले, जाता जाता एक वर्ग घेतला आणि जाता जाता दोन वाजता घरी गेल्या. मंगळवारी चष्म्याची डबी राहिली होती. बुधवारी छत्री. गुरुवारी काय राहिलं होतं ते कुणी विचारलंच नाही, आणि पुढच्या सोमवारी काकूंनी ऑफिसात आपल्या टेबलाशेजारी एक खुर्ची मांडून ती पुसूनच ठेवली.

नवे सर आले होते एका भल्यामोठ्या शाळेतून. वय अडतीस, अंगाने किरकोळ, बोलायला अति गोड. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाले, "मी इथे सांगायला आलेलो नाही. मी ऐकायला आलोय." आम्ही खूश. आठवड्याभराने लक्षात आलं, की हे खरंच नुसतं ऐकतात. फळ्याला काळा रंग द्यायचा का हिरवा, हे विचारलं तर सर म्हणायचे, "छान प्रश्न आहे. आपण सगळे मिळून ठरवू." पीटीच्या सरांनी विचारलं, पडलेल्या मुलाला आयोडीन लावू का, तर सर म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" तोवर मूल उठून खेळायलाही गेलं होतं.

आता एकीकडे न ठरवणारे सर आणि दुसरीकडे विचारायच्या आधी ठरवणाऱ्या बाई. मधे काकू.

सरांना प्रार्थनेला मुलं वर्तुळात उभी हवी होती, सगळे समान म्हणून. बाईंना रांगेत, उंचीप्रमाणे. दोघांनीही आपापलं म्हणणं काकूंना सांगितलं आणि काकूंनी दोन्ही सूचना इमानेइतबारे वर्गावर्गांत पाठवल्या. दुसऱ्या दिवशी मैदानावर मुलांचं जे काही तयार झालं ते गच्चीवरून पाहिलं तर हुबेहूब प्रश्नचिन्ह दिसत होतं. खालचं टिंब म्हणजे पहिलीतली एक मुलगी, जिला कुठे उभं राहायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग पाण्याच्या बाटल्यांचं झालं. एक सूचना आली, मुलांनी घरून पाणी आणावं. दुसरी आली, आणू नये, वर्गात माठ आहेत. निम्म्या पालकांनी दोन-दोन बाटल्या दिल्या, उरलेल्यांनी मुलांच्या हातात रिकामे पेले दिले. एका आजोबांनी नातवाबरोबर माठच पाठवला.

"काकू, तुम्ही एकाला तरी नाही म्हणा," मी म्हटलं.

"कुणाला?" काकू म्हणाल्या. "ताईंना नाही म्हणायचं तर संध्याकाळी घरी जायचंय मला. आणि सरांना नाही कसं म्हणणार? ते काही सांगतच नाहीत. ते विचारतात."

त्यांच्या नाकी नऊ आले होते. केस विंचरायला वेळ नसायचा. कानामागे दोन पेन्सिली, अंबाड्यात एक, आणि तिन्ही शोधत फिरायच्या.

शेवटी एका रविवारी त्या खाली दादांकडे गेल्या. दादा म्हणजे थोरले दीर, मोठ्या बाईंचे यजमान. जन्मभर टपाल खात्यात नोकरी केलेला, मोजकं बोलणारा माणूस. आता निवृत्त होऊन मागच्या अंगणात चाळीसेक कुंड्या लावून बसलेला. काकूंनी विषय काढला.

"दादा, ताईंना जरा समजावा ना. शाळेत आता दुसरे सर आहेत."

दादा कुंडीतली माती उकरत राहिले. "तिला करमत नाही गं," ते म्हणाले. "एकदम कसं सोडवेल? जाऊ दे तिला."

"पण किती दिवस?"

"माणसाला ओढ असते," दादा म्हणाले आणि दुसऱ्या कुंडीकडे वळले.

काकूंनाही मग वाईट वाटलं. खरं सांगायचं तर बाईंना घरी बसवायची त्यांची हिंमतही नव्हती, कारण त्याचा नमुना त्यांनी पाहिला होता. मधे पाण्याची टाकी साफ करायला शाळा दोन दिवस बंद ठेवली होती. पहिल्या दिवशी बाईंनी काकूंच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: "मीठ", "साखर", "काय आहे ते बघणे". दुसऱ्या दिवशी दादांच्या कुंड्या उंचीप्रमाणे रांगेत लावल्या. सावलीतली झाडं उन्हात गेली आणि उन्हातली सावलीत. एक नेचा त्यातून उठलाच नाही. संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावून घराचं वेळापत्रक वाचून दाखवलं. त्यात काकूंच्या यजमानांच्या आंघोळीला आठ मिनिटं होती. तिसऱ्या दिवशी शाळा उघडली तेव्हा सगळ्या घराने सुटकेचा निःश्वास सोडला.

त्यामुळे हे असंच चालू राहिलं असतं. पण सहल आली.

पालकसभा होती. साठ-सत्तर पालक, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. पुढे टेबलाशी दातांचे डॉक्टर, शेजारी सर. मोठ्या बाई "सहज" आलेल्या, पहिल्या रांगेत. मी इतिवृत्ताची वही घेऊन कोपऱ्यात. काकू नेहमीप्रमाणे दाराशी उभ्या.

सर म्हणाले, "आजची सभा म्हणजे आपल्या सर्वांचा संवाद आहे."

मागून एक आडदांड गृहस्थ उठले. पाचवीतल्या मुलीचे बाबा. ते बस चालवायचे, आणि शाळेच्या सहलीची बस दरवर्षी तेच न्यायचे.

"संवाद होईलच," ते म्हणाले. "मला एवढंच सांगा, गाडी कुठे न्यायची?" त्यांनी खिशातून दोन कागद काढले. "ही एक चिठ्ठी. मोठ्या वर्गांची सहल तलावावर, शुक्रवारी, सकाळी आठ. ही दुसरी. सहल विमानतळ बघायला, शुक्रवारी, सकाळी आठ. दोन्हींवर शाळेचा शिक्का. तलाव या टोकाला, विमानतळ त्या टोकाला. बस एक आहे आणि मीही एकच आहे."

सभेत खसखस पिकली. सर म्हणाले, "विमानतळाची सूचना विज्ञानाच्या बाईंची होती, मला आवडली, पण मोठ्या बाईंनी तलाव म्हटलं असेल तर..."

मोठ्या बाई म्हणाल्या, "दरवर्षी तलावच असतो. पण आता सर आहेत. सर म्हणतील ते."

"नाही नाही, बाई म्हणतील ते."

"छे, मी कोण म्हणणार? सरच म्हणतील."

"साहेब," बसवाले बाबा दातांच्या डॉक्टरांकडे वळले, "या शाळेचं मुख्य कोण आहे?"

 डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं, सरांनी बाईंकडे, बाईंनी मागे वळून दाराशी उभ्या असलेल्या काकूंकडे. मग सगळ्या सभेनेच माना वळवून काकूंकडे पाहिलं.

काकू मला नंतर म्हणाल्या, की त्या क्षणी त्यांना काहीही सुचलेलं नव्हतं. सव्वीस वर्षं वर्गात भांडणं झाली की जे वाक्य त्यांच्या कानावर पडत होतं, तेच तोंडातून निघालं, आणि आवाजही बाईंचाच निघाला.

"दोघंही ऑफिसात या. आत्ताच्या आत्ता."

सर उठले. बाईही उठल्या! आणि काकू मला म्हणाल्या, "चित्रकलेच्या बाई, तुम्ही पण चला. वही घेऊन." डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "तुम्ही तोवर सगळ्यांना दात कसे घासायचे ते सांगा." आणि आश्चर्य म्हणजे ते खरंच सांगू लागले.

ऑफिसात काकू टेबलामागे बसल्या. समोर त्या दोन बुटक्या खुर्च्या. बाईंना गुडघ्यामुळे त्यांच्यात बसता येईना म्हणून त्या उभ्या राहिल्या, आणि बाई उभ्या म्हणून सरही उभे. काकूंनी हाताची घडी घातली. 

"कोणी सुरुवात केली?" काकूंनी विचारलं.

"यांनी," दोघंही एकदम म्हणाले.

"एकेकाने बोला. ताई, आधी तुम्ही. तुम्ही रोज शाळेत का येता?"

"मी येते?" बाई कडाडल्या. "अगं, मी कुठली येतेय? मला आणतात! रोज संध्याकाळी सहाला यांचा फोन. बाई, उद्या जरा डोकावाल का? बाई, चौथीच्या वर्गात फेस येतोय, काय करू? बाई, माझ्या खोलीतला पंखा कुठल्या बटणावर आहे? पंखा! बटणं दोनच आहेत!"

सर खाली बघू लागले.

"आणि घरी तुझे दादा. सकाळी साडेसहाला माझा डबा भरून दाराशी उभे. म्हणे, अगं, तुझा रुमाल शाळेत राहिला असेल. दुसऱ्या दिवशी म्हणे चष्म्याची डबी. डबी त्यांच्याच खिशात होती, मला वाजलेली ऐकू आली!"

काकूंचं तोंड उघडंच राहिलं. "दादा? अहो, ते तर मला म्हणाले, तुम्हाला ओढ आहे."

"मला झोपेची ओढ आहे! एकोणतीस वर्षं सव्वापाचला उठतेय मी. समितीने आरामखुर्ची दिली, तिच्यावरचा कागद अजून काढलेला नाही. आणि तू गं? तू काय कमी आहेस? मी फाटकात पाऊल टाकलं की खुर्ची पुसून कोण ठेवतं? ताई, हे काय करू, ताई, ते काय करू, कोण विचारतं? कालचे प्रश्न कागदावर लिहून आणले होतेस. चौदा होते. मी मोजले."

मी वहीत "चौदा" असं लिहिलं आणि मग खोडलं.

ते खरं होतं. त्या कागदाची घडी त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली मला दिसत होती. इतके दिवस त्या ज्याला त्याला सांगत होत्या, ताईंना सोडवत नाही. आणि सोडत नव्हतो ते आम्ही सगळे. मी सुद्धा. रंगपेट्यांची यादी मी सरांना दाखवायच्या आधी बाईंनाच दाखवली होती.

"सर?" काकू जरा खालच्या आवाजात म्हणाल्या.

सरांनी कान खाजवला. "खरं सांगू का काकू, आधीच्या शाळेत माझ्या वर चार जण होते. मी काहीही ठरवलं तरी कुणीतरी ते बदलायचं. म्हणून मी ठरवायचं सोडून दिलं. इथे वर कुणीच नाही हे कळलं, आणि माझी पाचावर धारण बसली. मग वाटलं, बाई आहेत तोवर..." ते थांबले. "आणि पंख्याचं खरंच कळलं नव्हतं. एक बटण कशाचंच नाहीये."

"ते घंटेचं होतं. बंद आहे," काकू आणि बाई एकदम म्हणाल्या.

मग काकूंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडातून, आणि मग असं, की कानामागची पेन्सिल गळून पडली. त्या हसताहेत म्हणून बाई हसायला लागल्या. सर हसावं की नाही याचा अंदाज घेत दोघींकडे पाहत राहिले, तर काकू म्हणाल्या, "हसा! हे तरी न विचारता करा!"

डोळे पुसून झाल्यावर काकूंनी निकाल दिला. "ताई, सहा महिने तुम्ही फाटकाच्या आत यायचं नाही."

"वर्ष कर," बाई म्हणाल्या.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. काकू त्यांच्याकडे वळल्या. "आणि सर, बाहेर ते बसवाले वाट बघताहेत. तलाव की विमानतळ?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही," काकू म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तोंड घातलं. बाईंकडे पाहिलं तर बाई डोळे मिटून उभ्या होत्या. मला वाटतं त्यांनी झोपायला सुरुवातही केली होती.

"तलाव," सर म्हणाले. मग घाईघाईने, "नाही, विमानतळ. मला विमानतळ बघायचंय."

"झालं तर मग," काकू म्हणाल्या.

आम्ही सभेत परतलो तेव्हा डॉक्टर अक्कलदाढेपर्यंत पोचले होते. सरांनी उभं राहून सांगितलं, "सहल विमानतळावर जाईल. मी ठरवलंय." शेवटचे दोन शब्द त्यांनी इतके मोठ्याने म्हटले, की पुढच्या बाकावरचं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. बसवाल्या बाबांनी तलावाची चिठ्ठी फाडली आणि कुठून तरी टाळ्या सुरू झाल्या.

सहल काही फार यशस्वी झाली नाही. शुक्रवारी दाट धुकं पडलं होतं आणि तीन तासांत एकही विमान उतरलं नाही. मुलांनी सामानाच्या ढकलगाड्या पाहिल्या, आपोआप उघडणाऱ्या दारातून पन्नासेक जणांनी चार-चार वेळा ये-जा केली, आणि दार बंद पडलं. पण परत येताना सर बसमध्ये पुढे उभे राहून गात होते.

त्यानंतर सर ठरवू लागले, आणि सुरुवातीला बरंचसं चुकीचं ठरवू लागले. डब्याची सुट्टी त्यांनी साडेदहाला ओढली. एक वाजता अख्खी शाळा पुन्हा भुकेली होऊन बसली आणि दुसरीतल्या एकाने खोडरबर चावून खाल्लं. पण चौथ्या दिवशी सर प्रार्थनेला म्हणाले, "मी चुकलो. सुट्टी पुन्हा बाराला." मुलं चाटच पडली. मुख्याध्यापकाच्या तोंडून हे वाक्य त्या मैदानावर कधीच उमटलं नव्हतं. सातवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, आम्ही पण असं म्हटलं तर चालेल का?"

घरी काकूंनी दादांना पकडलं. दादांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. "काय करू गं," ते म्हणाले, "नेचा गेला तेव्हा मी घाबरलो. चाळीस कुंड्या आहेत माझ्या." पण बाईंनी कुंड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या झोपल्या. रोज दहा वाजेपर्यंत, सलग नऊ दिवस. दहाव्या दिवशी दादाच धास्तावून वर आले: "जरा बघ ना, ती काही बोलतच नाहीये. आजारी तर नाही?" काकू खाली जाऊन बघतात तर बाई आरामखुर्चीत पाय पसरून, कागद तसाच ठेवून, घोरत होत्या.

पुढे डॉक्टरांनी, म्हणजे गुडघ्याच्या, त्यांना पोहायला सांगितलं. बाई पोहण्याच्या तलावावर नाव घालायला गेल्या तेव्हा कळलं, की शिकाऊ वर्गात त्या सोडून सगळे सहा-सात वर्षांचे आहेत. आणि शिकवणारी पोरगी बाविशीची, शिट्टीवाली. ती शिट्टी वाजवून म्हणायची, "आजी, बडबड नको, पाय हलवा." बाई पाय हलवायच्या. काकू एकदा मुद्दाम ते बघायला गेल्या आणि काठावर बसून त्यांनी बाईंना दोन तास शिट्टीवर नाचताना पाहिलं. त्या मला म्हणाल्या, "सव्वीस वर्षांचा शीण गेला हो."

समितीने काकूंना उपमुख्याध्यापिका करायचं म्हटलं. काकूंनी नकार दिला, म्हणाल्या, "मला पद नको. सभेत खुर्ची द्या, उभं राहून पाय दुखतात." खुर्ची मिळाली. आणि मग सभेत त्या बोलायला लागल्या. थोड्या नाही, भरपूर. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी एकदा भर सभेत सांगितलं, "साहेब, दोन मिनिटं तोंड बंद." डॉक्टरांना हे वाक्य ऐकायची नाही, फक्त त्याच्या उलट म्हणायची सवय. ते गडबडून पाणीच प्यायले.

मी ती शाळा सोडली त्याच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. काकूंनी छप्पन्नाव्या वर्षी स्कूटर घेतली. यजमान म्हणाले, हात-पाय मोडशील. दादा म्हणाले, कुंड्यांपासून लांब चालव. मग रविवारी सकाळी, मैदान रिकामं असताना, त्या शिकायला येऊ लागल्या. मागे कुणीतरी बसलं की धीर येतो म्हणाल्या, म्हणून मी बसले. आम्ही दोघी मुंगीच्या वेगाने मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. वळताना काकू हात दाखवायच्या, मैदानात दुसरं कुणी नसलं तरी. एकदा घसरगुंडीला थांबून वाट दिली. चौथ्या फेरीला त्यांनी ब्रेक दाबला आणि मान वळवून म्हणाल्या, "तुम्ही आता उतरा."

"का हो? घाबरलात?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मला जरा जोरात जायचंय."